वजनकाट्यावरचे शब्द

जालन्याच्या एमआयडीसीतल्या शाखेत मी १९९३ साली रुजू झालो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात शिपायाने मला एक सल्ला दिला : "साहेब, पांढरा शर्ट घालत जाऊ नका." त्याचे म्हणणे खरे होते. चहूकडे लोखंडाच्या भट्ट्या आणि रोलिंग मिल. दुपारपर्यंत टेबलावर, खातेवह्यांवर, चहाच्या बशीवरसुद्धा बारीक काळी भुकटी बसलेली असे. रात्री कुठे भट्टी ओतली की आभाळाचा तेवढा कोपरा तांबडा होऊन जाई. एकीकडे बियाण्यांचा धंदा. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली सुरू केलेल्या महिकोने गावाचे नाव देशभर नेलेले. दुसरीकडे सळई. 'जालना सोने का पालना' ही जुनी म्हण सांगून व्यापारी हसत आणि म्हणत, सोने आता भंगाराचे आहे साहेब. गंमत अशी की, गोव्याकडे कोंकणीत 'भांगार' म्हणजे खरोखरच सोने!

हे भंगार ट्रकांनी येई. मोडक्या सायकली, जहाजांचे पत्रे, नांगराचे फाळ, परदेशी डबे, कुठल्या तरी कारखान्याचे गंजलेले दात्याचे चाक. मिलच्या दारात वजनकाटा. ट्रक काट्यावर चढे, काट्यावरचा कारकून आकडा लिहून घेई, आणि माल भट्टीकडे जाई. हे चाक कुठे फिरत होते, या पत्र्यावर कोण झोपत होते, हे कोणी विचारीत नसे. वजन भरले की संपले. हा काटा आणि त्यावरचा कारकून वाचकांनी जरा ध्यानात ठेवावा. पुढे त्यांचे काम पडणार आहे.

अशाच एका मिलमध्ये एक केमिस्ट होते. मूळचे केरळचे, पोलादात कर्ब किती, गंधक किती, स्फुरद किती, हे तपासणे त्यांचे काम. स्कूटरच्या कर्जासाठी शाखेत आले आणि मित्र झाले. दोघांचीही बिऱ्हाडे गावी, दोघेही एकेकटे. एकदा वीज गेलेली असताना त्यांनी कंदिलाच्या उजेडात एक चौकोनी पट उलगडला, पिशवीतून छोट्या लाकडी सोंगट्या काढल्या, शेजारी लाल पुठ्ठ्याचा चेंबर्सचा जाडजूड इंग्रजी शब्दकोश ठेवला आणि म्हणाले, "खेळायचं?"

तो स्क्रॅबल. मी मराठी शाळेत शिकलेला, इंग्रजी पाचवीपासून. बँकेत लागल्यावर 'रायटिंग'च्या जागी 'रिटन' लिहिले म्हणून भर शाखेत ओरडा खाल्लेला माणूस. इंग्रजी ही मला आयुष्यभर परीक्षाच वाटत आलेली. तिचा कोणी खेळ मांडतो, हेच मला नवल वाटले.

ज्याने हा खेळ काढला तोही बेकारीतून आलेला होता. आल्फ्रेड बट्स हा अमेरिकन वास्तुविशारद. १९३०च्या सुमारास तिकडे मंदी आली, घरे बांधणारे उरले नाहीत, बट्सची नोकरी गेली. मग त्याने वर्तमानपत्राची पाने पुढ्यात घेऊन त्यात कोणते अक्षर किती वेळा येते ते मोजायला घेतले. 'ई' सर्वांत जास्त, म्हणून तिच्या बारा सोंगट्या आणि गुण एकच. 'क्यू' आणि 'झेड' क्वचित, म्हणून एकेकच सोंगटी आणि गुण दहा. 'एस' मात्र मुद्दाम चारच. नाही तर जो तो अनेकवचने करीत सुटेल. अशा शंभर सोंगट्या, दोनशे पंचवीस घरे, प्रत्येकाच्या हाती सात अक्षरे. सातही एका दमात लावली तर वर पन्नासांचे बक्षीस. १९४८ साली जेम्स ब्रुनो या त्याच्या स्नेह्याने खेळाला स्क्रॅबल हे नाव दिले आणि तो बाजारात आणला. माझ्यातल्या बँकवाल्याला यातला हिशेब आवडला. दुर्मिळ ते महाग, मुबलक ते स्वस्त.

पहिले कित्येक डाव मी हरलो. मी 'हाऊस' लावायचो, 'वॉटर' लावायचो. केमिस्ट दोन अक्षरे ठेवून माझ्यापुढे निघून जायचे. या खेळाची नाडी लहान शब्दांत आहे. दोन अक्षरी मान्य शब्द सव्वाशेच्या घरात आहेत आणि ते सुतारकामातल्या खिट्टीसारखे असतात. त्यांच्या आधाराने मोठा शब्द दुसऱ्याला चिकटवून बसवता येतो. शब्द तरी कसले! 'क्यू-आय', उच्चार 'ची', म्हणजे चिनी लोकांच्या कल्पनेतली प्राणशक्ती. 'झेड-ओ' म्हणजे तिबेटातली याक आणि गाय यांची संकरित अवलाद. 'एक्स-यू' हे व्हिएतनामचे चिल्लर नाणे. 'ए-ए' म्हणजे हवाई बेटांवरचा खडबडीत लाव्हा. 'के-वाय' म्हणजे स्कॉटलंडच्या बोलीत गुरेढोरे. हातात नुसते स्वर साचले तर 'ई-यू-ओ-आय' आहे. ग्रीकांच्या मद्यदेवतेच्या उत्सवातली ती आरोळी. आणि नुसती व्यंजने साचली तर 'सी-डब्ल्यू-एम', उच्चार 'कूम'. हा वेल्श भाषेतला शब्द, डोंगराच्या कुशीतली हिमनदीने कोरलेली वाटोळी खोलगट जागा. अडाणी वाटतो, पण एव्हरेस्टवर नेपाळच्या बाजूने जाणारा आपला प्रत्येक मराठी गिर्यारोहक 'वेस्टर्न कूम'मधूनच वर चढलेला आहे.

सर्वांत गोड शब्द 'ए-आय'. आजकाल ही दोन अक्षरे ऐकली की सगळ्यांना यंत्राची बुद्धी आठवते. स्क्रॅबलमध्ये तो अर्थ चालत नाही, कारण आद्याक्षरांची जुळणी तिथे मान्य नाही. तिथला 'ए-आय' हा दक्षिण अमेरिकेतला तीन बोटांचा, झाडाला उलटा लटकणारा, जगातल्या अतिशय आळशी दिसणाऱ्या प्राण्यांपैकी एक. उच्चार विचाराल तर चक्क 'आई'! त्याच्या ओरडण्यावरून तिथल्या आदिवासींनी त्याला हे नाव दिले, असे म्हणतात. संकटात कोण कोणाला हाक मारतो, ते भाषा बदलली तरी बदलत नाही, अशी मी आपली समजूत करून घेतली.

हळूहळू मी हरायचा थांबलो. त्याचे कारण माझे इंग्रजी सुधारले हे नव्हते. चेंबर्सची पाने चाळता चाळता मला त्यात ओळखीची माणसे भेटू लागली होती. 'जोवार' होती. 'बाजरा' होता. 'लाख' आणि 'क्रोर' होते. 'तोला' होता. 'घाट' होता. चपातीची तर चार-पाच स्पेलिंगे, सगळी मान्य, खेळणाऱ्याची चैनच! आपण दिवाणखान्यात ठेवतो ती तिपाई तिकडे 'टीपॉय' झाली होती. तिचा चहाशी काही संबंध नाही; तीन पायांची म्हणून तिपाई, पण साहेबाने कान देऊन ऐकले तेव्हा बहुधा त्याच्या हातात कप असावा. नदीतली मगर 'मगर' म्हणूनच गेली आणि स्पेलिंगात रस्त्यावरच्या लुटारूच्या मापाची झाली. आणि 'मंगूज' हा शब्द इंग्रजीने उचलला तो थेट आपल्या मराठी मुंगसावरून. इंग्रज मुले त्याचे अनेकवचन करताना आजही अडखळतात. 'गूज'चे 'गीज' होते, मग मुंगसाचे काय? कारण ते बदक नाही, आपल्या बांधावरचे मुंगूस आहे, हे त्यांना कोण सांगणार?

एकदा केमिस्टांनी 'ए-एल' लावला. मी हरकत घेतली. त्यांनी कोश उघडून दाखवला : 'आल', एक हिंदी झाड. 'ए-ए-एल' असेही लिहितात. मी थबकलो. आल म्हणजे आपल्याकडे बारतोंडी म्हणतात त्या जातीचे झाड. त्याच्या मुळांपासून लाल रंग निघे आणि मध्य हिंदुस्थानात, वऱ्हाडात त्याची शेती होई. त्या रंगात बुडवलेले जाडेभरडे कापड म्हणजे खारवा. व्यापाऱ्यांच्या चोपड्या, खतावण्या बांधायला हेच लाल कापड वापरीत. १८६९च्या सुमारास जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी ॲलिझरिन हा तांबडा रंग प्रयोगशाळेत बनवला आणि पुढच्या काही दशकांत मुळांपासून रंग काढणाऱ्यांचा धंदा बसला. जालन्याच्या बाजारात एका जुन्या पेढीवर मी लाल कापडाच्या खतावण्यांची चवड पाहिली होती. त्या लाल रंगाचे मूळ, ज्याला आम्ही विसरलो, ते दोन गुणांची सोंगटी होऊन कंदिलाखाली पडले होते.

तसाच 'श्रॉफ'. आपला सराफ. इंग्रजीत त्याचे क्रियापदही झाले आहे : नाणी पारखून खोटी बाजूला काढणे. हाँगकाँगच्या वाहनतळांवर पैसे भरायच्या खिडकीवर आजही 'श्रॉफ' लिहिलेले असते. 'बट्टा' आहे. इंग्रजी कोशात तो मुख्यतः पगारावरचा भत्ता. पण जालन्याच्या जुन्या व्यापाऱ्यांना बट्टा म्हटले की निजामी आठवे. निजामाचा हाली रुपया वेगळा, इंग्रजांचा कलदार वेगळा. साधारण सात हाली म्हणजे सहा कलदार. मनमाडकडे माल पाठवायचा तर नाण्यांना बट्टा बसे. माणसाच्या नावाला बट्टा लागतो तो याच बाजारातून उचललेला.

आणि मग एके दिवशी मला 'सी-एच-ओ-यू-टी' सापडला. 'चौट'. म्हणजे आपली चौथ! बाळाजी विश्वनाथांनी १७१९ साली दिल्लीहून दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाईची सनद आणली, हे आम्ही शाळेत घोकलेले. कोशात त्याचा अर्थ मराठ्यांनी उकळलेला महसुलाचा चौथा हिस्सा, आणि पुढे नुसतीच खंडणी, ब्लॅकमेल, असा दिलेला. मी चिडलो. केमिस्टांना म्हणालो, "हा आमचा हक्क होता, सनद आहे." ते शांतपणे म्हणाले, "ज्या गावाने भरली, त्याने कोणता अर्थ लिहिला असता?" मी गप्प झालो. कारण जालना त्या वेळी निजामाच्या मुलखात. इथल्या रयतेने एकदा निजामाला भरायचे आणि पुन्हा चौथही द्यायची. सनदेतला अर्थ पुण्याचा, कोशातला अर्थ लंडनचा. ज्वारीचे पोते ज्याने उचलून दिले त्याचा अर्थ कोणत्याच कोशात नाही.

इंग्रजांना हे शब्द कुठून मिळाले, हे शोधायला जालन्याहून फार लांब जावे लागत नाही. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढाई केली ते असई गाव आज जालना जिल्ह्यात आहे. पुढे नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन तो हाच. फौजा इथून फिरल्या, जालन्यात छावणी पडली, आणि शिपाई जाताना जसे भांडीकुंडी नेतात तसे शब्द नेले. 'सिल्लादार', म्हणजे आपला शिलेदार, स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येणारा स्वार. ब्रिटिशांच्या हिंदी घोडदळाने ही पद्धत पहिल्या महायुद्धापर्यंत चालवली. 'पिंडारी' आहे, 'पेशवा' आहे, 'सिपॉय' तर आहेच. हे सगळे लांब मिशांचे लोक आता पटावर सोंगट्या होऊन उभे.

हेन्री यूल आणि बर्नेल यांनी १८८६ साली अशा शब्दांचा एक मोठा कोश काढला. त्याचे नाव 'हॉब्सन-जॉब्सन'. हे कोणा दोन साहेबांचे नाव नव्हे. मोहरमच्या मिरवणुकीत छाती पिटत लोक 'या हसन, या हुसेन' म्हणत; गोऱ्या शिपायांच्या कानांनी त्याचे हॉब्सन-जॉब्सन केले. शोक करणाऱ्याचा टाहो दुसऱ्याच्या कानात गंमत होऊन पडला. यापूर्वी, १८३१ साली, मोल्सवर्थ नावाच्या एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने मराठीचा इंग्रजी कोश केला होता. त्यासाठी तो शास्त्री-पंडितांना घेऊन वर्षानुवर्षे बसला, आणि आजही मराठी लेखकाचे त्याच्यावाचून अडते. दोघेही साहेबच. एका जागी आवाज उचलला गेला, दुसऱ्या जागी अर्थ विचारला गेला. शब्दांशी वागायच्या या दोन तऱ्हा आहेत, आणि त्यांतला फरक मला त्या वेळी केवळ विद्वत्तेचा वाटत होता.

खेळ म्हणून पाहिले तर पहिली तऱ्हाच जिंकते. थायलंडमध्ये इंग्रजी फारसे न बोलणारी मुले स्क्रॅबलमध्ये तरबेज असतात. २००३ आणि २००९ साली जगज्जेतेपद थायलंडकडे गेले. २००७ साली ही जागतिक स्पर्धा आपल्या मुंबईत झाली. ती न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्सने जिंकली. या माणसाने २०१५ साली फ्रेंच स्क्रॅबलचे जगज्जेतेपद मिळवले, तेही फ्रेंच भाषा येत नसताना! काही आठवडे बसून त्याने फ्रेंच शब्दांची यादी पाठ केली होती. २०२४ साली स्पॅनिशमध्ये पुन्हा तेच. त्याच्यापुढे हात जोडावेत असे हे पाठांतर आहे. आपल्याकडे घनपाठी वैदिकांना मंत्र उलटसुलट येत, अर्थ येईच असे नाही. यास्काचार्यांनी निरुक्तात अर्थ न जाणता वेद पाठ करणाऱ्याला भार वाहणाऱ्या खांबाची उपमा दिली ती यामुळेच.

परंतु अर्थाला बाहेर काढले तरी तो मागल्या दाराने येतोच. १९९०च्या दशकात अमेरिकेत घरगुती खेळाच्या कोशात एखाद्या जातीला, धर्माला हिणवणाऱ्या शिव्या आहेत म्हणून तक्रार झाली आणि बरेच शब्द गाळले गेले. २०२१ साली मॅटेल कंपनीने असेच काही शेकडा शब्द खेळातून काढले. तेव्हा नामांकित खेळाडू रागावले. त्यांचे म्हणणे असे की, पटावर शब्दाला अर्थ नसतोच, ती फक्त गुणांची सोंगटी. मग शिवी कसली? युक्तिवाद बिनतोड आहे. पण ज्याला ती शिवी आयुष्यभर ऐकावी लागली, त्याने समोर बसून त्या सोंगट्या लागताना पाहाव्यात आणि फक्त गुण मोजावेत, ही अपेक्षा मला जड वाटते.

हे वाटण्याचे कारण स्क्रॅबल नाही. कारण तो काट्यावरचा कारकून.

१९९४ साली त्याच्या एका मित्राने लेथ मशिनसाठी आमच्या शाखेतून चाळीस हजारांचे कर्ज घेतले. जामीनदार दोन, त्यांतला एक हा. जामीनपत्र इंग्रजीत, बारीक टायपातले, चार पानी. सही मराठीत करणार असेल तर एक शिक्का मारावा लागे : मजकूर मला मराठीत वाचून, समजावून सांगण्यात आला. महिनाअखेर होती, टेबलापुढे रांग होती. मी शिक्का मारला, बोटाने जागा दाखवली, त्याने सही केली. वाचून दाखवले नाही, समजावले नाही. त्या दिवशी संध्याकाळी मी केमिस्टांकडे जाऊन 'शिलेदार' लावला होता आणि तो कोशातून काढून दाखवताना मला केवढा आनंद झाला होता, हेही मला स्वच्छ आठवते.

तीन वर्षांनी लेथ बंद पडले. मित्र गाव सोडून गेला. दुसरा जामीनदार वारला. बँकेची नोटीस याच्या नावे निघाली. मुद्दल, व्याज आणि खर्च. तो नोटीस घेऊन माझ्या टेबलापुढे आला. भांडायला आला नव्हता. जामीनपत्राची झेरॉक्स त्याने जपून ठेवली होती आणि एका ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली होती. तिथे 'जॉइंटली अँड सेव्हरली' असे शब्द होते.

तो म्हणाला, "साहेब, सही केली त्या रात्रीच मी पोराला हे बघायला लावलं व्हतं. नववीत व्हतं पोरगं. त्यानं डिक्शनरीत पाहिलं. जॉइंट म्हंजे जोडीनं आन् सेव्हरल म्हंजे अनेक, बरेच. मी म्हणलं, ठीक हाय. बरेच जण जोडीनं फेडायचं. तिघं हायेत, तीन वाटे. माझा वाटा मी देतो की साहेब. आख्खं कसं मागता?"

पोराची डिक्शनरी चुकीची नव्हती. 'सेव्हरल'चा अर्थ 'अनेक' हाच, रोजच्या इंग्रजीत. कायद्याच्या इंग्रजीत मात्र त्याचा मूळचा अर्थ टिकून राहिलेला आहे : वेगवेगळा, सुटा, एकेकटा. 'संयुक्तपणे आणि पृथकपणे', असे आपले सरकारी मराठी भाषांतर. म्हणजे बँकेने ठरवले तर एकट्याकडून सगळे. भारतीय करार कायदा, १८७२, कलम १२८ : जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच. एवढे सगळे मला तोंडपाठ होते. मी त्याला ते समजावून सांगितले. पहिल्यांदाच, तीन वर्षे उशिरा, आणि फार सुबोध मराठीत.

त्याने शांतपणे ऐकले. मग म्हणाला, "आसं हाय व्हय. हे तवाच सांगायचं व्हतं, साहेब."

एवढेच बोलला. त्याने नंतर पगारातून हप्ते बांधून घेतले आणि वर्षानुवर्षे भरले. मी व्याजात जेवढी सूट मिळवता येईल तेवढी वरच्या कार्यालयातून मिळवली. पण ती उपकारासारखी त्याच्या पदरात पडली, आणि तो माझे आभार मानून गेला, हे मला जास्त लागले. जो माणूस आयुष्यभर एका किलोचा फरक पडू देत नव्हता, त्याला मी न तोललेला शब्द दिला होता. फ्रेंच न येता फ्रेंच स्पर्धा जिंकणाऱ्याचे जग कौतुक करते. आपल्याकडे इंग्रजी न येता इंग्रजी करारांवर रोज सह्या होतात, आणि ती स्पर्धा सही करणारा नेहमी हरतो. 'हायपोथिकेशन', 'लीन', 'इंडेम्निटी', 'फोरक्लोजर' हे काही स्क्रॅबलच्या अडगळीतले शब्द नव्हेत. 'नजरगहाण' हा हायपोथिकेशनसाठी किती नेमका मराठी शब्द आहे! माल तुमच्या ताब्यात, पण नजर बँकेची. तो छापायला शाई काही जास्त लागत नाही. आता कर्ज मोबाइलवर मिळते. बोटाने 'आय ॲग्री' दाबले की झाले. रबरी शिक्का गेला, सवय राहिली.

नोकरीतून मी निवृत्त झालो. केमिस्ट आपल्या गावी परतले. जाताना त्यांनी तो चेंबर्स मला दिला. पाठीचा पुठ्ठा निखळलेला, कडेला भट्टीची काळी भुकटी अजून आहे. या मे महिन्यात नात सुटीला आली होती. ती फोनवर हा खेळ खेळते, आणि शब्दांच्या याद्या तिला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत. तिने पटापट 'क्यू-आय' लावला. मी अर्थ विचारला. ती म्हणाली, "आजोबा, अर्थ कशाला? व्हॅलिड आहे!"

मग मी घरापुरता एक नियम केला. शब्द कोणताही लावावा. पण अर्थ सांगितला तरच गुण. माहीत नसेल तर कोशात बघावा, समोरच्याला वाचून दाखवावा आणि वहीत मराठीत लिहावा. तिने पहिल्या दिवशी कुरकुर केली. तिसऱ्या दिवशी ती 'आई' या प्राण्याची गोष्ट तिच्या आईला सांगत होती. 'चौट' आला तेव्हा वहीत तिने दोन अर्थ लिहिले आणि तिसऱ्यासाठी एक ओळ रिकामी सोडली. तिसरा कोणाचा, ते तिला मी सांगितले होते.

सुटी संपायच्या आदल्या संध्याकाळी तिने हातातल्या सातही सोंगट्या एका दमात पटावर मांडल्या आणि टाळी वाजवली. एस-ई-व्ही-ई-आर-ए-एल. शब्दाचे गुण दहा, वर पन्नासांचे बक्षीस.

"अर्थ?" मी विचारले.

"सोप्पा! अनेक. बरेच."

"आणखी?"

"आणखी काय असणार, आजोबा?"

मी तिला काट्यावरच्या कारकुनाची गोष्ट सांगितली. माझा शिक्का धरून, काही न गाळता. ती ऐकत राहिली. तिने विचारले, "त्या काकांना तुम्ही सॉरी म्हणालात?" मी म्हणालो, "नाही. तेव्हा नाही जमले." थोड्या वेळाने तिने वही माझ्याकडे सरकवली. तिच्या अक्षरात 'अनेक' असे लिहिलेले होते. त्याखाली मी लिहिले : एकेकट्याने, पूर्ण.

गुण तिने मांडून घेतले. ते तिच्या हक्काचेच होते.